बिनदातांची बकेट

—अहो नाही दादा, खोदायच्या मशीनच्या जुन्या बकेटचे दात कापले आणि वर पट्टी मारली म्हणजे बिनदातांची बकेट होते, असं नसतं. कोणी सांगितलं तुम्हाला? कोणीच नाही, तुमचंच डोकं. चालायचं. दर दोन दिवसांनी एक जण हेच डोकं घेऊन येतो — या, उन्हात उभे राहू नका, इकडे पत्र्याखाली या, तो पाइप चुकवा — हां. आता बघा. ही दातांची. अरुंद, खोल, पोटाला गोल. हिचं काम घुसायचं. कडक जमीन, मुळं, दगड, काय वाटेल ते असो, दात रुतवले की ओढून काढते. आणि ही शेजारची, ही बिनदातांची. रुंद, उथळ, पुढची कड सरळ. हिचं काम खणायचं नाही, आवरायचं. चर खणून झाला, आता तळ सपाट पाहिजे. गटारात गाळ बसलाय, तो काढायचाय पण खालच्या पाइपला ओरखडा नको. अंगणात माती पसरायचीय — तिथे ही. दातांची जिथून जाते तिथे मागे रेघाच रेघा. हिच्या मागे काही नाही, नुसती गुळगुळीत जमीन. मला तर, हसू नका, पण हिने सपाट केलेली माती दिसली की हात फिरवावासा वाटतो. काल फिरवलाही. ते जाऊ दे.

तर मशीन किती टनाचं तुमचं? — पंधरा? अहो दादा, पंधरा टनाचं मशीन माझ्या या फाटकातून आत आलं तर फाटक, भिंत आणि मी, तिघंही आडवे होऊ. तुम्ही मिनी म्हणालात ना मघाशी? छोटं, ट्रेलरवर टाकून नेता येतं ते? मग दीड. दीड टन. एक टिंब राहिलं तुमचं मध्ये कुठेतरी. — नाही नाही, तुम्हाला नाही हसत हो. मी आज सकाळपासून अशीच हसतेय, मनावर घेऊ नका. चहात साखर दोनदा घातली, दूध गॅसवर ठेवून दारात उभी राहिले ते सगळं उतू जाईपर्यंत, आणि आमचा वेल्डर म्हणाला, ताई, बरं आहे ना? म्हटलं, बरं आहे रे बाबा, जरा जास्तच बरं आहे. त्याला आज सुट्टी दिली. उगाच दिली. काम पडलंय ढीगभर. पण मला आज आजूबाजूला कोणी नको होतं. — नाही, तुम्ही चालता. तुम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणजे कोणी नसतं, म्हणजे तसं नव्हे, पण कळलं ना तुम्हाला.

रुंदी. पहिली गोष्ट रुंदी. सगळ्यांना मोठी हवी असते. एका फेरीत जास्त काम होईल, पटापट उरकेल — असा हिशोब. आणि बकेट मोकळी असते तोवर तो हिशोब बरोबरही असतो. मग ती चिखलाने भरते. ओला गाळ किती जड असतो माहितीये? दीड टनाच्या मशीनला चार फुटी बकेट लावा, गाळाने भरा, हात लांब करून बाजूला वळा — मशीन मागचे पाय उचलतं, आणि ऑपरेटरला त्या क्षणी आपली सगळी पापं आठवतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं मशीन पाहून बकेट. तुमच्यासाठी तीन फुटी. बस. हे मी सगळ्यांना सांगते आणि ऐकतं कोण? कोणी नाही. एकच माणूस ऐकणारा भेटला. तो तर इतका ऐकणारा की मलाच घाम फुटला. याच पत्र्याखाली उभे होते ते, तुम्ही उभे आहात तिथेच, अख्खी दुपार. प्रत्येक बकेटच्या कडेवरून बोट फिरवलं. उलटी करून बघितली. पाणी निथळायला मागे भोकं असलेली घ्यावी की बिनभोकांची, यावर विचार केला — म्हणजे नुसते उभे राहिले, मला कळलंच नाही की विचार चाललाय, मला वाटलं चक्करबिक्कर आली. म्हटलं, पाणी देऊ का? तर म्हणाले, सावकाश. सगळ्याला तेच. म्हणून इथे सगळे त्यांना सावकाशच म्हणतात. ते स्वतःही फोनवर सांगतात, हां, मी सावकाश बोलतोय. समोरच्याला वाटतं हळू बोलतोय.

भोकांचीच घ्या तुम्ही, गटाराचं काम असेल तर. पाणी खाली, गाळ वर. कोरड्या मातीला बिनभोकांची. — दोन्ही कामं आहेत? मग भोकांची. बारीक माती थोडी गळेल, गळू दे. जगात सगळं कुठे मिळतं, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. — काय? हो, आणि दात नसलेली बकेट विकणारी बाई हे म्हणतेय. हसा हसा. तुम्ही हसलात की बरे दिसता, आलात तेव्हा केवढा चेहरा पाडला होता.

आणि हे बघा, ही पुढची पट्टी. वेल्डिंगची पण मिळते, बोल्टची पण मिळते. बोल्टची घ्या. एक कड झिजली की बोल्ट काढायचे, पट्टी उलटी करायची, नवी कड पुढे. तोटा एकच — बोल्ट सैल होतात. म्हणून मी काय करते, बोल्ट आवळला की नटावरून खालच्या पोलादावर रंगाची एक बारीक रेघ ओढते. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघायला नको. पांढरी रेघ ओढते मी — बघा, या सगळ्यांना आहे. फक्त सावकाशांच्या बकेटला हिरवी आहे, कारण त्या दिवशी पांढरा रंग संपला होता आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दाराचा हिरवा उरला होता, मग पुढेही त्यांना हिरवीच. तर काय सांगत होते — बकेट घेऊन गेले आणि पुढच्याच आठवड्यात हजर. बोल्ट सैल झाले म्हणे. आवळून दिले, रेघ ओढली. परत पुढच्या आठवड्यात. परत सैल. आता नवीन बोल्ट, स्प्रिंग वॉशर लावलेला, मी स्वतः आवळलेला — माझा हात हलका नाही, विचारा कोणालाही. मला रात्री झोप लागेना. म्हटलं, मालच खराब आला की काय. वेल्डरला ओरडले. माल पाठवणाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोलले. आणि मग एक दिवस चष्मा लावून नीट बघितलं. हलून सैल झालेल्या नटाची रेघ तुटते, पण रंग जागेवर असतो. आणि इथे नटाच्या कडांवरचा रंग खरवडलेला, आत पोलाद ताजं चमकतंय. पाना लावलेला, दादा. कोणीतरी बसून, व्यवस्थित, एकेक नट हाताने सैल करून आणलेला.

मी काय केलं? काही नाही केलं. आवळून दिले, रेघ ओढली. त्यांनाही बघितलं नाही, स्वतःलाही आरशात बघितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ते यायच्या आधी मी साडी बदलली. — सांगू नका हां कोणाला. पन्नाशी उलटलेली बाई, हाताला ग्रीस, आणि साडी बदलतेय कशासाठी, तर एक माणूस आपणच सैल केलेले नट आवळून घ्यायला येणार म्हणून.

हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. हे म्हणजे माझे मिस्टर, हे दुकान त्यांनी काढलं. चांगला होता माणूस. बोलका होता. आमच्यात बोलायचं काम त्यांचं आणि ऐकायचं माझं — खोटं वाटतं ना? खरं आहे. ते गेले आणि घरात कोणीच बोलेना, मग मीच सुरू केलं, आणि आता थांबायचं कसं ते आठवत नाही. सावकाशांना तसं चालतं. त्यांची बायको पण गेलेली, ते घरी गप्प, बाहेर गप्प. एकदा मी त्यांच्या कामावर गेले होते, बकेट जोडायची पिन द्यायला. दुपारची वेळ, मशीन एका जागी उभं, इंजिन चालू, आणि ते बाजूला दगडावर बसून डबा खातायत. म्हटलं, अहो डिझेल फुकट जातंय, बंद करा की. तर म्हणाले, असू दे, जेवताना काहीतरी आवाज असला की घास उतरतो.

— काय झालं? नाही, अचानक तिकडे वळलात म्हणून. ती बकेट तुमच्या कामाची नाही, ती मोठ्या मशीनची. बघा हवं तर.

मला ते ऐकून काय झालं सांगू का, मला राग आला. खरंच राग आला. हा माणूस इतकी वर्षं इंजिनशी जेवतोय आणि मी इथे चार चपात्या करून दोन वाया घालवते. तिथून पुढे ते डबा घेऊन इकडे यायला लागले. यायचे, मी बोलायचे, ते जेवायचे, जायचे. आता म्हणाल लोक काय म्हणाले. लोक म्हणाले. हसतील त्यांचे दात दिसतील, मी म्हटलं. माझ्या लेकीला सांगितलं फोनवर, तर ती म्हणाली, आई, तू हसतेयस की काय? म्हटलं, का? तर म्हणाली, नाही, मला विसरायलाच झालं होतं कसा आवाज येतो तो.

आणि काल. काल आमच्या मागच्या गटाराचं काम काढलं होतं. गाळाने भरलेलं, खाली पाण्याचा जुना पाइप, आणि काठाला माझा गुलाब. दुसरा कोणी असता तर पाइप फोडला असता आणि वर म्हणाला असता, जुनाच होता. सावकाशांनी तीन फुटी बकेट अशी नेली, कड टेकवून, थर थर काढत — पाइपवरची धूळ निघाली, पाइप नाही हलला. गुलाबाचं एक पान नाही पडलं. मग काठ सपाट केला. म्हणून मी हात फिरवला, मघाशी म्हटलं ते. मी वाकून हात फिरवतेय आणि वरून मशीनवरून आवाज येतो, आपण दोघं एकत्र राहू या का. असा. मध्ये काही नाही, आधी काही नाही. इंजिन बंद केलं होतं त्यांनी, ते नंतर माझ्या लक्षात आलं. आणि मी काय उत्तर दिलं असेल? ओळखा. मी म्हटलं — बघून सांगते. उद्या सकाळी. अहो, कोटेशन द्यावं तसं. गिऱ्हाइकाला वीस वर्षं हेच सांगत आलेय, तोंडातून तेच निघालं. आणि त्यांनीही मान डोलावली, म्हणाले, सावकाश. आणि गेले ट्रेलर घेऊन.

म्हणजे आज सकाळी. आता. केव्हाही येतील. — उत्तर? हो. हो म्हणायचंय मला. रात्रभर मनात मांडे खातेय, त्यांचा चष्मा कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरलं. पण म्हणायचंय आणि म्हणणार, यात फरक आहे ना. मध्ये एक मुलगा आहे. त्यांचा. लांब असतो, कुठल्याशा ऑफिसात. काल मी विचारलं, मुलाला विचारलंत? म्हणाले, त्याला आधी सांगितलं. म्हटलं, काय म्हणाला? म्हणाले, काही नाही म्हणाला, फोन ठेवला. आता बघा दादा, फोन ठेवला. बाप आयुष्यात एकदा तोंड उघडतो आणि हा फोन ठेवतो. काय झालं असतं दोन शब्द बोलला असता तर? बाप काय खातो, कोणाशी बोलतो, याची चौकशी नाही, आणि राग मात्र — बरं, मला काय माहीत, त्याची आई होती ती, त्याला लागलं असेल. लागणारच. पण मी एक ठरवलंय. त्याची ना असेल तर माझीही ना. मला ते हवे आहेत, खूप हवे आहेत, आता हे तुम्हाला सांगितलंच तर सांगितलं. पण त्यांना त्यांच्या मुलापासून तोडून नकोत. पाहुण्यासारखा मुलगा बापाच्या घरी येणार, दारात चपला काढताना विचार करणार, आणि ते माझ्याकडे बघून हसणार आणि जेवताना परत गप्प — तसलं घर मला नको. त्यापेक्षा नट आवळत बसलेली बरी. म्हणून हसतेय सकाळपासून. रडायला लागले तर बकेट कोण विकणार.

चला, आत या ऑफिसात, पंखा आहे. राहिली पिन. तुमच्या मशीनच्या हाताची पिन किती जाडीची आहे आणि दोन पिनांमध्ये अंतर किती, तेवढं सांगा, की मग ही बकेट तुमची. कितीही चांगली असू दे, पिन जुळली नाही तर ती नुसती लोखंडाची परात. — माहीत नाही? मशीन चालवतं कोण? घरचंच माणूस? मग लावा की फोन. — नको? बरं, कामात असतील. फोटो आहे का मशीनचा? मोबाइलमध्ये असेल बघा. आजकाल लोक मशीनचे फोटो पोरांपेक्षा जास्त काढतात. — आहे ना? द्या इकडे. थांबा, हात पुसते. पुसूनही काही उपयोग नाही, तुमच्या मोबाइलला ग्रीस लागणार. — मोठा करते हां. हा हात. ही पिन. नवीनच दिसतेय, ग्रीस बरं घातलंय, काळजी घेणारा माणूस आहे. आता खाली बकेट — अहो, बिनदातांची तर आहेच तुमच्याकडे, मग दुसरी कशाला — पट्टी बोल्टची, नटावर

.

हिरवी आहे रेघ.

.

ही माझ्या दाराच्या रंगाची रेघ आहे. हे माझं गटार आहे. हा माझा गुलाब. कालचा फोटो आहे हा.

म्हणजे तुम्ही. — नाही, बसा, उठू नका. उभी मी राहते. बाई गं. काय काय बोलले मी. साडीचंही बोलले. कुठल्याशा ऑफिसात म्हणाले, चौकशी नाही म्हणाले, आणि तुम्ही आपले ऐकताय, वर माझ्या दात-चण्यांवर हसताय. पंधरा टन म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्याला बकेट हवी असते तो एवढा वेळ ऐकून घेत नाही, तो आल्या आल्या भाव पाडतो. मला बघायला आलात होय? सांगायचं तरी. मी निदान तोंड धुतलं असतं — नाही, सांगितलं नाहीत तेच बरं. सांगितलं असतंत तर मी गप्प बसून शहाणी दिसायचा प्रयत्न केला असता, आणि ते मला मुळीच जमत नाही.

हा फोटो त्यांनी पाठवला? रोज पाठवतात? — मागे सरकवू का? सपाट जमीन. चर. सपाट जमीन. परत सपाट जमीन. अहो, हे किती आहेत. सगळं सारखंच दिसतंय. आणि तुम्ही एकही काढून टाकला नाहीत. — मला वाटलं होतं तुम्हाला काही पडलेलं नाही. ते चुकलं माझं, ते मी मागे घेते. बाकीचं नाही घेत. बाकीचं सगळं खरं आहे. नटांचंही खरं आहे, मात्र ते त्यांना विचारू नका, ते लाजतील. आणि डब्याचं. ते तुम्हाला माहीत नव्हतं ना? मघाशी तुम्ही तिकडे त्या मोठ्या बकेटकडे तोंड करून उभे राहिलात. मी म्हटलं, ही तुमच्या कामाची नाही. मूर्ख बाई.

बरं. आता मी एक मिनिट बोलत नाही. तुम्ही बोला. माझं तुम्हाला सगळं कळलंय, झाकायला काही उरलेलं नाही. तुमची ना असेल तर आत्ता सांगा, ते यायच्या आधी, म्हणजे मला तोंड नीट करून त्यांच्यासमोर उभं राहता येईल. मी त्यांना तुमचं नाव सांगणार नाही. माझंच कारण सांगेन, दुकानाचं, लेकीचं, काहीतरी. रागही धरणार नाही. बोला.

— बोला की. — नाहीतर नुसती मान —

हलवली. कशी हलवली? वरखाली की आडवी? माझ्या डोळ्यांत पाणी आलंय आणि या हातांनी पुसता येत नाही, नीट दिसलं नाही मला. परत हलव. — अशी? — अजून एकदा. सावकाश.

हां.

तो ट्रेलर वळतोय फाटकात. आले ते. वेळेवर आलेत, बघ, आयुष्यात पहिल्यांदा. — काय? माझं उत्तर? वा रे वा. ते तुला आधी कसं सांगू, विचारलं कोणी, तू की त्यांनी? ऊठ. बाहेर जा, आणि त्यांना आत पाठव. तू पाठव, तुझ्या तोंडाने. आणि दार ओढून घे जाताना.